बाहेरच्यांची यादी

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याला दोनेक वर्षं झाली होती. मी तेव्हा सिहोऱ्यात शिक्षक होतो. त्या उन्हाळ्यात निवडणूक तोंडावर आली आणि सत्तेतल्या पक्षाच्या भाऊंना अचानक साक्षात्कार झाला, की गावाची सगळी दुखणी बाहेरच्यांमुळे आहेत. तलावातला गाळ, दवाखान्याचं कुलूप, अगदी डाससुद्धा.

"गुरुजी, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. यादी तुमीच लिवा," ते म्हणाले.

जिल्ह्याबाहेर जन्मला तो बाहेरचा, असं ठरलं. विरोधी पक्षाने एक दिवस निषेध केला. मग नदीपलीकडच्या राज्यातून आलेल्या मजुरांना इथे मतच नाही हे कळलं, आणि विरोधकही माझ्या ओसरीवर यादीला हातभार लावायला येऊन बसले.

यादी वाचली आणि बोंब उठली. पहिलंच नाव भाऊंच्या आईचं! तिचं माहेर तिरोड्याचं, आणि तिरोडा आता गोंदियात.

"काहून रे, साठ वर्षं तुमचा भात रांधून राहिली, अन मीच भायेरची?" म्हातारीने विचारलं.

लगेच दुरुस्ती झाली: सुना वगळाव्यात. मग विरोधी पुढाऱ्याचा घरजावई निघाला, तेव्हा जावईही सुटले. माझा जन्म गोंदियातल्या गोरेगावचा. मला अक्षरासाठी माफी मिळाली.

हंगामी मजूर परत गेले होते, त्यांचीही नावं खोडली. शेवटी एकच नाव उरलं. नवऱ्याबरोबर बालाघाटकडून कामाला आलेली, इथेच विधवा झालेली, बारा वर्षं तलावाच्या पाळीवर झोपडी करून राहणारी बाई. तिच्याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत झालं. इतकं सुंदर एकमत गावाने कधी पाहिलं नव्हतं. झोपडी मोडली, ती नदीपलीकडे गेली. मी ओसरीवरून पाहिलं आणि आत गेलो.

आषाढात भाताची रोपं, आमच्याकडचे पऱ्हे, रोवणीला आली, पण रोवायला कुणी नाही. रोवणाऱ्या बायकांची टोळी नदीपलीकडची, आणि ती जमवून आणणारी हीच बाई. मग दोन्ही पक्षांचे पुढारी एकाच जीपमधून तिची मनधरणी करायला गेले. ती आली. का आली, हे मला रोवणीच्या शेवटच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी आमच्याकडे बायका शेताच्या मालकाला बांधीत, भाताच्या खाचरात, धरून चिखलाने माखतात. मागितलेलं कबूल केल्याशिवाय सोडत नाहीत. बायकांनी भाऊंना धरलं होतं, आणि सगळ्या गावासारखा मीही त्यांच्या बांधावर मजा बघत उभा होतो.

"बोला, कोंबडा का बकरा?" भाऊ हसत म्हणाले.

"मले खायाले काईच नाई पायजे, भाऊ. गुरुजीच्या कागदावरलं माहं नाव खोडा. पाळीवर झोपडी बांधू द्या."

भाऊंनी डोळ्यांवरचा चिखल पुसला. "ते गुरुजीच्या हातात हाय."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. खिशात पेन होतं. मी म्हणालो, "यादीची समिती बसली की पाहू."

बकरा कापला गेला. लाज वाटत होती, तरी मी जेवलो. ती न जेवताच नदी ओलांडून गेली.

तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. सगळ्या खोडाखोडीत न खोडलेलं एकच नाव त्यावर आहे, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात.