अस्पष्ट फोटो मोठे करून मिळणार नाहीत

फोटोग्राफी मला कुणी शिकवली नाही. शेजाऱ्यांच्या मुंजी आणि डोहाळजेवणं बिघडवत शिकलो, मग स्वारगेटजवळ स्टुडिओ टाकला. धूसर फोटो घेऊन येणाऱ्यांचा मला भयंकर राग. म्हणून दारातच पाटी लावली: 'मोबाईलवरचे अस्पष्ट फोटो मोठे करून मिळणार नाहीत. वाद घालू नये.'

सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि माझ्याकडे नेमके असलेच फोटो येऊ लागले. पहिला आला तो इथं शिकणारा तिकडचा एक विद्यार्थी. आईशी झालेल्या शेवटच्या व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट, त्यात नखाएवढा चेहरा. त्यानंतर घरचा फोनच लागला नव्हता.

"बड़ा किया तो फटेगा," मी म्हणालो. चेहऱ्याचे चौकोन दिसायला लागले की आम्ही फोटो फाटला म्हणतो.

"फटने दो. दूसरा नहीं है।"

दुपारभर खटपट केली. डोळ्यांच्या जागी नुसते करडे चौकोन उरले. कॉम्प्युटरवर डोळे बनवता आले असते, पण ते त्याच्या आईचे नसते. शेवटी तीच प्रिंट हातात ठेवली. त्यानं ती छातीशी धरली.

जाताना पाटीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "इसमें क्या लिखा है?"

"संडे को बंद," मी म्हणालो.