धुळे रस्त्यावरची केळीतुला

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. आणि आधी ते कप खाली ठेवा बरं! मागच्या वेळी आमच्या शेजाऱ्यांनी हे ऐकता ऐकता बशीभर चहा माझ्याच सदऱ्यावर उडवला होता.

तर मी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली. या बत्तीस वर्षांत मला कुणी एक शाल घातली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब रजेवर, शाल साहेबांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात! मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तेही पंधरा मिनिटं मागे चालतं.

आणि धुळ्याचे आमचे व्याही, नाना? त्यांच्या घरी शालींसाठी वेगळं कपाट आहे हो! एकसष्टीला गावाने त्यांची वहीतुला केली. एका पारड्यात नाना, दुसऱ्यात शाळेतल्या मुलांना वाटायच्या वह्या. अडुसष्ट किलो भरले. लेकीच्या लग्नापासून हा आकडा मी निदान चाळीस वेळा ऐकलाय.

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा. एक शाल, एक नारळ आणि ते बघायला समोर नाना, एवढंच माझं मागणं होतं.

आता आपल्या धुळे रस्त्याला ते पाण्याच्या घसरगुंड्यांचं पार्क आहे ना, तिथे उन्हाळ्यात नातीला घेऊन गेलो होतो. दारातच हा मोठा बोर्ड! ‘लवकरच येत आहे! सहा नवीन राईड्स, लाटांचा तलाव, रोप-वे. आपल्या सूचना कळवा.’

मला सूचना विचारल्यावर मी थांबतो होय? फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अकरा सूचना लिहिल्या. केळीच्या घडासारखा उंच पाळणा करा. भरताच्या वांग्याच्या आकाराच्या होड्या करा. रांगेत तापणाऱ्या माणसांवर ठिबकच्या नळ्यांतून गार पाणी सोडा. पुढच्या बाजूला नाव, फोन नंबर आणि खाली बारीक अक्षरांत आणखी काहीबाही प्रश्न होते. चष्मा गाडीत राहिलेला. मी सगळीकडे ‘हो’वर खूण केली आणि फॉर्म पेटीत टाकला.

तीन महिन्यांनी फोन आला.

“आबा, मी पार्कचा मॅनेजर बोलतोय. तुम्ही फॉर्म भरला होता ना? आपली पहिली नवीन राईड तयार झालीय. मंगळवारी सकाळी याल का?”

“येतो की!”

“आणि आबा, राग मानू नका, पण तुमचं वजन किती?”

आता तुम्हीच सांगा! सूचना मागवल्या, मी अकरा दिल्या, राईड तयार झाली, मला बोलावलं आणि वर वजन विचारलं. याचा अर्थ काय होतो? तुला! आणि जळगावच्या माणसाची तुला कशाने करणार? केळीनेच ना!

माझं वजन ब्याण्णव. पण डोळ्यांसमोर नाना आले आणि तोंडातून निघून गेलं, “एकशे चार!”

“अरे वा!” मॅनेजर खूश. “असाच माणूस आम्ही शोधत होतो!”

हिने पोळी लाटता लाटता विचारलं, “अहो, कशासाठी बोलावलंय ते नीट विचारलंत का?”

“सत्काराचं कुणी आपल्या तोंडाने विचारतं का?” मी म्हणालो.

लगेच धुळ्याला फोन. “नाना, मंगळवारी मोकळे आहात का? काही नाही, छोटासा कार्यक्रम आहे. तुलेचा.”

पलीकडून हळूच आवाज आला, “कशाची तुला?”

“केळीची. एकशे चार किलो.”

एवढ्यावर थांबावं की नाही? पण मागचा अनुभव होता. कपाटाची किल्ली पुन्हा कुणाच्या खिशात राहिली तर? म्हणून मीच एक जरीकाठाची शाल आणली, नारळ घेतला आणि दोन्ही पिशवीत घालून हिच्याकडे दिलं.

मंगळवारी जाकीट, टोपी अशा थाटात पोचलो. नाना धुळ्याहून आधीच येऊन उभे. आणि समोर बघतो तर काय! उंचच उंच खांब, त्याच्यावर आडवी लांब दांडी, आणि दांडीच्या दोन्ही टोकांना खुर्च्या. एका टोकाला गोण्या रचलेल्या, दुसरं टोक रिकामं. तराजू! विहिरीच्या रहाटापेक्षा दहापट मोठा तराजू!

“नाना,” मी हळूच विचारलं, “तुमचा तराजू केवढा होता हो?”

“दुकानातलाच होता,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण होता आणि तो साधारण सात मिनिटं टिकला.

हेल्मेट घातलेल्या एक इंजिनीअर मॅडम आल्या. त्यांनी मला जमिनीवरच्या काट्यावर उभं केलं. आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ब्याण्णव? फोनवर एकशे चार सांगितलं होतं ना?”

नानांनी मान वर केली.

“दोन दिवस उपास केला,” मी म्हणालो.

“बारा किलोचा उपास?” नाना म्हणाले.

मॅडमना घाई होती. “तिकडे एकशे चारच्या हिशोबाने गोण्या लावल्यात. आता यांच्या शेजारच्या खुर्चीत बारा किलोची गोणी ठेवा.”

माझा गोंधळ सुरू झाला तो इथे. तुलेत माझ्याच पारड्यात केळी कशाला? आणि केळी गोणीत कोण भरतं?

“मॅडम, गोणीत दाबली तर काळी पडतील हो.”

“काय?”

“केळी!”

मॅडमनी उलट मलाच विचारलं, “आबा, सकाळपासून काही खाल्लंत का?”

“नाही.”

“छान. केळी नंतर खा.”

नंतर प्रसाद असणार, अशी मी मनाची समजूत घातली. राईड चालवणाऱ्या रामदासभाऊंनी मला खुर्चीत बसवलं, पोटावर लोखंडी दांडा खटकन पाडला आणि म्हणाले, “आबा, घाबरू नका. सकायपाईन बठ्ठ्या गोण्या फिरी उन्यात. एक बी फाटनी नही.” सकाळपासून सगळ्या गोण्या फिरून आल्या म्हणजे नेमकं काय, ते मी विचारलं नाही.

शेजारची गोणी मात्र लहान होती, पट्ट्यातून सारखी निसटायची. रामदासभाऊ इकडेतिकडे दोरी शोधायला लागले, तेवढ्यात त्यांना हिच्या पिशवीतून बाहेर आलेला जरीकाठ दिसला.

“अक्का, हाई द्या बरं! मजबूत शे.”

हिने दिली! एका शब्दाने नाही म्हणाली नाही! त्यांनी माझी शाल गोणीच्या दोन्ही खांद्यांवरून घेऊन खुर्चीला करकचून बांधली.

“अहो, ती मला...”

“तुमले दांडा शे ना!”

नानांनी फोन काढला. मी हात हलवला. शिट्टी वाजली आणि माझं टोक वर जायला लागलं. म्हटलं, असेल, तिकडची केळी जास्त झाली असतील. आणखी वर गेलो. हायवेवरचे ट्रक काडेपेटीएवढे झाले. आणि मग सगळं पार्क माझ्या डोक्यावर आलं! तुलेत माणूस उलटा होत नाही, एवढं मला तेव्हा कळलं. टोपी गेली. मी वरून जीव खाऊन ओरडत होतो, “केळी नकोत! केळी नकोत!” खाली म्हणे स्पष्ट ऐकू येत होतं. अशा सात फेऱ्या झाल्या.

उतरल्यावर मी आधी टोपी शोधायला लागलो. मॅडम मात्र खुशीत काहीतरी लिहीत होत्या. “दांडा पोटावर नीट बसला. फार मदत झाली, आबा. चाचणीत बसायला एवढ्या उत्साहाने ‘हो’ कुणीच लिहिलं नव्हतं!”

त्यांनी फॉर्म दाखवला. बारीक अक्षरांत प्रश्न होता, ‘नवीन राईडच्या चाचणीत बसायला आवडेल का?’ त्याच्यापुढे माझी ही ठळक खूण!

“आणि त्या अकरा सूचना?”

“कुठल्या?” मॅडमनी फॉर्म उलटला. “अरेच्चा, मागेही लिहिलंय का?”

तोवर हिने नारळही रामदासभाऊंच्या हातात दिला होता. नवी राईड विघ्नाशिवाय फिरली म्हणून त्यांनी तो राईडपुढेच फोडला. मला खोबऱ्याचा एक तुकडा मिळाला. गोण्यांत काय आहे ते विचारलं तर म्हणाले, “वाळू शे.”

गाडीपर्यंत पोचायच्या आत नानांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकलेला. डावीकडे मी, तोंड उघडं, टोपी वाकडी. उजवीकडे जरीकाठाची शाल पांघरून ताठ बसलेली गोणी. खाली नानांनी लिहिलं होतं, “हार्दिक अभिनंदन! फक्त यातले सत्कारमूर्ती कोणते, ते कळवावे.”

मी उत्तर जुळवत होतो, पण त्याआधी शेजारी बसलेल्या हिचं जाऊन पोचलंसुद्धा. “उजवीकडचे. डावीकडचे आमचे आहेत.”