तीन वर्षांची चटणी

मी मेल्यानंतर घरच्यांनी खायची चटणी मी जिवंतपणीच करून ठेवली होती. तीही एका वर्षाची नव्हे, तीन वर्षांची. ही गोष्ट आजवर घराबाहेर गेलेली नाही. पण आता नात सहावीत गेली, माझे गुडघे माझ्याआधी बोलायला लागले, आता कुणाची लाज धरू?

तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. त्या उन्हाळ्यात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत आली. अशा जागी, की स्वयंपाकघर, न्हाणी आणि फाटक तिन्ही त्यांच्या टप्प्यात. (त्या नंतर चांगली सात वर्षं जगल्या आणि तो टप्पा कधी कमी झाला नाही.) लेकीला सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण, महिन्याभरात ती यायची होती. आमचे हे नुकतेच रिटायर होऊन घरी बसले होते आणि दर तासाला चहा मागत होते. इतकी माणसं माझ्या जिवावर, आणि नेमका माझाच जीव गरगरायला लागला.

पहिली चक्कर पहाटे कूस बदलताना आली. पंखा बंद होता आणि खोली फिरत होती. पलंगाची कड घट्ट धरून पडले. दुसऱ्या दिवशी तेच. घरात कुणाला सांगितलं नाही, मोबाईलला सांगितलं. त्यानं दहा कारणं दिली. नऊ साधी होती. आमच्या शहाणीनं दहावं उचललं: मेंदूत गाठ.

मग भाकरी थापता थापता मध्येच मनगट धरून नाडी मोजायची. मनगटाला कायम ज्वारीचं पीठ. रक्तदाब मोजायचा, तर आमच्या कळंब्यात सगळे ओळखीचे, म्हणून रिक्षा करून उचगावला जायची. तिथला डॉक्टर म्हणाला, नॉर्मल आहे. मला वाटलं, मशीन बिघडलंय. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं पट्टा माझ्यापुढं धरला. "मावशी, आता तुम्ही माझा मोजा. तुमच्यामुळं वाढलाय."

आत्तींच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

"काय गं, भिताडाला धरून का चालतीयास?"

"फरशी ओली हाय, आत्ती."

"मग पुसणार कोण? मी?"

अन्न जाईना, झोप लागेना. लेकीचं बाळ आपल्याला बघायला मिळणार नाही, हे मी मनाशी पक्कंच करून टाकलं होतं. आणि मग डोक्यात आलं, आपल्या मागं ह्यांना वर्षाची कांदा-लसूण चटणी कोण कुटून देणार? हे जाणार दुकानात आणि आणणार पाकीट. खरं सांगते, स्वतःच्या मरणापेक्षा मला त्या पाकिटाचं जास्त रडू आलं.

झालं. दरवर्षीच्या तिप्पट मिरची आणली. गच्चीवर वाळवली, देठं खुडली, खोबरं भाजलं, कांदा तळला, लसणाचा ढीग सोलला. आत्ती शिंकत होत्या आणि हे विचारत होते, "हॉटेल काढतीयास काय?"

डबे घेऊन मिरची कुटायच्या गिरणीत, कांडपावर गेले. यंत्राचा दणदणाट, लाल धूळ, बायकांची रांग, आणि माझ्या पोटात सकाळपासून फक्त चहा. नंबर आला, डबा उचलायला वाकले आणि सगळं फिरलं. शेजारी जे मऊ दिसलं त्यावर बसले. ते कुणाचं तरी मिरचीचं पोतं होतं.

कांडपवाली ओरडली, "अवो पावणं, मिरचीवर कुठं बसताय! उठा, न्हायतर चक्कर ऱ्हाईल बाजूला!"

तिनंच मला धरून शेजारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं, डोकं एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं. खोली गरागरा फिरली. त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या आणि चक्क खूश झाल्या. "सापडलं. कानाच्या आतले बारीक खडे जागचे हललेत."

"म्हणजे मेंदूत गाठ न्हाय?"

"नाही. पण काकू, पोटात काय आहे आज?"

"च्या," मी म्हटलं.

त्यांनी डोकं असं वळवलं, तसं वळवलं, कुशीवर घेतलं, उठवून बसवलं. कुकरच्या तीन शिट्ट्या होतील एवढ्या वेळात काम झालं. वर सांगितलं, वेळेवर जेवा, मोबाईलला तब्येत विचारू नका, आणि भीती वाटली तर दिवसातली एक वेळ ठरवून घरात कुणाला तरी सांगा.

दोन खेपांत चक्कर गेली. भीती गेली नाही, म्हणून कुटून आलेली चटणी तीन बरण्यांत भरून, वर चिठ्ठ्या चिकटवून मी गुपचूप माळ्यावर ठेवली. ती भीती सांगायला मी आत्तींना निवडलं, कारण उठून पळून जाणं त्यांना शक्य नव्हतं. रोज चार वाजता, चहाबरोबर.

"हं, सांग," त्या चहात खारी बुडवत म्हणायच्या, "आज कशानं मरणार हायस?"

सोमवारी हृदय, मंगळवारी मूत्रपिंड. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. आता वांगी चिर." पुढं पुढं मूत्रपिंडापर्यंत पोचेतो मलाच हसू यायचं. एके दिवशी सांगायला काहीच नव्हतं, तर त्या हिरमुसल्या. "आज कायच न्हाय? मग च्या तरी बरा कर की." संध्याकाळी मी त्यांना अंगणात चालवायची. वॉकर त्यांचा, पण धरलेला असायचा दोघींनी.

लेक आली, बाळंत झाली. मुलगी. मी तिला डोळे भरून बघितलं, आणि त्या गडबडीत बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या साफ विसरले.

बारशाच्या दिवशी आमटीला चटणी कमी पडली. ह्यांना म्हटलं, माळ्यावरची बरणी काढा. हे स्टुलावर चढले, चष्मा लावला आणि पेपर वाचावा तसं खणखणीत वाचलं, "मी गेल्यावर. वर्ष पहिलं." मग खाली वाकून मला विचारलं, "कुठं गेल्यावर गं? जयसिंगपूरला?"

जयसिंगपूर माझं माहेर. पण आत्तींना कळलं. चार वाजता मी त्यांना कितीतरी मरणं सांगितली होती, ही बरणी तेवढी सांगितली नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला, मला कॉटजवळ बोलावलं. वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत. माझं पिठाचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या,

"ती चिठ्ठी आदी फाड. आन् ध्येनात ठेव, ह्या घरात रांगंत मी पयली हाय. गप माझ्या मागं उभी ऱ्हा."