चार बोटं, दोन इंच

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं आडवी घालायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "जागा आहे, पण माज नोको करू." मिस्त्रींची ही पद्धत होती. मोजपट्टी खिशात असायची, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

लकडगंजात आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर त्यांचं गॅरेज होतं. पिकअप थोडी उंच करून मोठे टायर बसवण्यासाठी लोक लांबून येत. त्यांची एकच अट असे. "या गाडीत सगळ्यात म्हातारं कोण बसते? त्याले घेऊन या."

गिऱ्हाईक हसायचं. मिस्त्री हसत नसत.

कळमेश्वरकडच्या एक बागायतदार बाई स्वतः पिकअप चालवत आल्या. बागेच्या वाटेवर नाला होता आणि त्यातल्या दगडावर गाडीचं पोट घासत होतं. संत्री तोडणीला आली होती. व्यापारी पक्की सडक सोडून आत यायला तयार नव्हता.

"चार इंच उचला, मिस्त्री. मोठ्यात मोठे टायर टाका."

"घरी म्हातारं कोण?"

"सासू. काहून?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. गाडी चार इंच उचलली तर पाय किती वर टाकावा लागेल, तेवढी पायरी मिस्त्रींनी विटा-फळ्यांची रचली. सासूबाईंचा पाय मध्येच थांबला. सून धरायला धावली.

"मी का नवरी आहो, मले धरून बसवाले?" सासूबाई कडाडल्या.

मिस्त्री एकेक फळी काढत गेले. पाय आपसूक वर गेला, तेव्हा त्यांनी मोजपट्टी लावली. "दोन इंच. टायर एकच नंबर मोठा. बस."

"अन् नाल्यात अडकली तर?"

"तर मी तिथंच गॅरेज टाकतो. संत्री तर फुकट भेटतीन!"

टायर बसल्यावर त्यांनी मडगार्डला आतून चुना फासला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावलं. टायरला जिथे पांढरं लागलं, तिथला प्लास्टिकचा काठ कापला. मग स्वतः नाल्यावर गेले. मीही गेलो, बातमीदाराची खोड. रिकामी गाडी सहज पार झाली, पण मिस्त्री मानेनात. "रिकामी तर कोणाचीही निघते. क्रेट भरा."

भरलेली गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर दबली. मिस्त्री काठावर पालथे झोपले, गाल मातीला टेकवून. बाईंनी पहिला गिअर टाकला. गाडी दगडावरून सरकली, घासली नाही.

"दोन बोटं होती," कपडे झटकत ते म्हणाले. "चार कशाले पाह्यजे?"

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी गॅरेज बंद केलं आणि मुलीच्या गावी राहायला निघाले. सामान न्यायला तीच पिकअप आली. बाईंनी दार उघडून हात पुढे केला.

"मी का नवरी आहो?" मिस्त्री म्हणाले. त्यांनी पाय वर टाकला. पहिल्याच खेपेला ते आत बसले.

दोन इंच बरोबर होते.