पाहुण्यांचा पिवळा बिल्ला

नवरात्र संपलं की आमच्या इथल्या मंडळाला आपण मराठी असल्याची एकदम आठवण होते. वीस-वीस वर्षं चेन्नईत राहून या मंडळींना रिक्षावाल्याला तमिळमध्ये डावं-उजवं सांगता येत नाही. पण दिवाळीआधीच्या एका रविवारी शाळेचं मैदान घेऊन आनंदमेळा मात्र भरवतात. बायका शिवलेली, चेनवाली नऊवारी अंगात घालतात. पुरुष फेटे बांधतात आणि त्याखाली घामाने निथळतात, कारण ऑक्टोबरात या शहरात डोक्यावर साधा रुमालही सहन होत नाही. मला या मेळ्याचा मनापासून तिटकारा आहे. तरी दरवर्षी जाते आणि आठवडाभर पुरेल एवढी नावं ठेवून येते.

यंदा सासूबाईंनीच हट्ट धरला. त्या तंजावरच्या मराठी. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडला त्याला तीनशे वर्षं तरी झाली असतील. मी साताऱ्याची, लग्न होऊन एकोणीस वर्षांपूर्वी इथे आले. मेळ्यात पारंपरिक मराठी पदार्थांची स्पर्धा होती आणि सासूबाईंना तिथे उडदाच्या पिठाचं डांगर करून न्यायचं होतं.

"तुमचे लोक एकदां खाऊन बघूंदे," त्या म्हणाल्या. "आम्हीपण मराठीच म्हणून त्यांस कळूंदे."

बहात्तराव्या वर्षी त्यांना एवढंच हवं होतं. मला तो निव्वळ बावळटपणा वाटला. जे लोक पुरणपोळ्या ऑनलाइन मागवतात, त्यांच्याकडून मराठीपणाचा दाखला कशाला घ्यायचा? पण वाद नको म्हणून मोबाईलवर त्यांचा फॉर्म मीच भरून टाकला.

रविवारी पहाटेच उडीद भाजल्याचा वास घरभर सुटला होता. सासूबाईंनी कोरडं पीठ एका डब्यात घेतलं, दही दुसऱ्यात, फोडणी तिसऱ्यात. डांगर आधी कालवलं तर त्याचा गोळा होतो, म्हणून ते पानात वाढायच्या वेळीच कालवायचं, हा त्यांचा नेम. पेरुंगुडीच्या घरून निघाल्यापासून मेळ्यापर्यंत तिन्ही डबे त्यांनी मांडीवरून हलू दिले नाहीत. नवरा म्हणाला, "अम्मा, मागे ठेव की." त्यांनी ऐकलंच नाही.

रात्री पाऊस झाल्यामुळे मैदानात चिखल होता आणि त्यावर प्लायवूड टाकलं होतं. फाटकाशी एक मुलगी बिल्ले वाटत होती. सभासदांना भगवा, पाहुण्यांना पिवळा. मला भगवा मिळाला, माझ्यामुळे नवऱ्यालाही मिळाला. सासूबाईंच्या हातात तिने पिवळा ठेवला.

मी तिथेच तोंड सोडलं. या मराठी आहेत, तुझ्या-माझ्या घराण्याच्या तोडीस तोड जुन्या आहेत, डोक्यात गजरा बघून तुम्ही माणसं ठरवता का, असं बरंच काही बोलले. मागे रांग खोळंबली. मुलीने शांतपणे टॅबवर बोट फिरवलं.

"काकू, फॉर्ममध्येच पाहुणे म्हणून आलंय. तुमच्याच नंबरवरून भरलाय."

मला आठवलं. फॉर्ममध्ये महाराष्ट्रातला मूळ जिल्हा निवडायचा होता. त्या यादीत तंजावर कुठून असणार? 'पाहुणे' निवडलं की तो प्रश्नच येत नव्हता. मी ते निवडलं आणि चहा टाकायला उठले. मंडळाला एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण खरं सांगायचं तर ते निवडताना आपण काही चुकीचं लिहितोय असं मला वाटलंच नव्हतं.

"सेरी," सासूबाई म्हणाल्या, म्हणजे असू दे. माझ्याकडे न बघता त्यांनी बिल्ला पदराला लावला आणि डबे उचलून चालू लागल्या.

त्यानंतरचा मेळा नेहमीइतकाच भिकार होता. थंड वडापाव, पैठणीची नक्षी छापलेल्या उशा, स्पीकरवरचे ढोल आणि त्यासमोर हात हलवणारे हौशी ढोलवाले. मी एकेका गोष्टीला नावं ठेवत होते, पण त्यात दरवर्षीची मजा येईना. सासूबाई स्पर्धेच्या टेबलामागे ताठ बसून होत्या. परीक्षक समोर आले तेव्हाच त्यांनी डांगर कालवलं, वर फोडणी घातली आणि पळसाच्या द्रोणात वाढलं.

सभासदांचं बक्षीस चॉकलेटच्या चकलीला मिळालं. पाहुण्यांमध्ये सासूबाई पहिल्या आल्या. फेटेवाल्या अध्यक्षांनी माईक धरला. "आमच्या या तमिळ भगिनींनी बघा किती अस्सल डांगर केलंय! आजी, कुणाकडून शिकलात?"

मी पहिल्याच रांगेत होते. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, पण मी खुर्चीला चिकटून बसले. फॉर्म कुणी भरला हे चारचौघांत निघेल, या भीतीने माझी जीभच उचलेना. लोकांना हसणारी मी त्यांच्याहून भित्री निघाले.

"माझे सासूकडून," सासूबाई म्हणाल्या. "त्यांस त्यांचे सासूनें शिकवलं."

"वा! म्हणजे तुम्हीही सुनेला शिकवलं असेलच."

"ती कधीं विचारली नाहीं."

लोक हसले, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी त्यांच्या हातात प्रमाणपत्र दिलं. त्यावर 'पाहुणे गट' असं ठळक छापलेलं होतं.

परतताना गाडीत मी मागच्या सीटवर होते. रिकामे डबे आता सासूबाईंच्या पायाशी होते. पेरुंगुडीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पदराचा बिल्ला काढला, वळून माझी ओढणी पुढे ओढली आणि बिल्ला तिला लावायला घेतला.

"तूं ठेव गे हे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "एकोणीस वर्षं झालीं. आमचे घरीं पाहुणी तूंच."

टाचणी नीट बसली की नाही ते त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं.