डावा अंगठा

आमच्या गावचा रेशनवाला रोज अंगठ्याच्या मशीनला कुंकू लावतो. मी डावखुरी. विळा डाव्या हातात, पिकाची मूठ उजव्या हातात धरते, म्हणून उजव्या अंगठ्याच्या रेषा कापून कापून गेल्या; तो ठसा मशीन ओळखत नाही. आधारकार्डासाठी दहाही बोटांचे ठसे घेतले होते. तरी मी डावा पुढे केला की तो सगळ्यांसमोर ओरडतो, "वैनी, मशीनले डावा हात लावू नको! लक्ष्मी शे ती." दोनदा रिकामी पिशवी घेऊन घरी आले. 

काल त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यानं डाव्याच अंगठ्यानं मशीन चालू केलं.

"भाऊ, आते चालस का लक्ष्मीले?" मी विचारलं.

तो मशीनवरचं कुंकू पुसत बसला. मी डावा अंगठा दाबला. त्याचं प्लास्टर निघाल्यावरही डावाच दाबणार.