आवाज व्हायला पाहिजे

सुंदराआत्या गेल्याची बातमी ज्या तोंडातून ऐकायची नव्हती, नेमकी त्याच तोंडातून मला ऐकावी लागली. सकाळी दुकानाचं शटर वर करत होते आणि फोन वाजला. पलीकडे आत्याचा धाकटा दीर. त्यांना आम्ही लहानपणापासून तात्या म्हणतो, आणि या लेखात एवढाच मान मी त्यांना देणार आहे. "मंगल, तुजी आत्या गेली बग. झोपंतच गेली. लई पुण्यवान बाई," असं म्हणून ते थांबले. मी शटर अर्ध्यावर सोडून पायरीवर बसले... तेवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "आता त्या चिंचंचं बी काय ते बगाय पायजे." बाई अजून घरात होती, तिला शेवटची अंघोळ घालायची होती, आणि या माणसाला चिंच दिसत होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले तेव्हा घरच्यांनी बजावलं, जरा शांत झालीस की लिही. मी शांत झालेली नाही आणि व्हायचा विचारही नाही. तात्या दर रविवारी ही पुरवणी वाचतात. ओसरीवरच्या खाटेवर आडवे होऊन आधी भविष्य, मग बाकीचं. तात्या, आज भविष्य झालं की हे वाचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माढ्याजवळच्या एका गावात दिलेली. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे सुट्टीतले आम्ही भाचे-भाच्या हीच तिची लेकरं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कमी बोलणारे. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा त्यांनी आपल्या शेताच्या कडेला, बांधापासून चांगलं हातभर आत, चिंचेचं रोप लावलं. मी परकरात असताना ते माझ्या गुडघ्याएवढं होतं. माझं लग्न होईपर्यंत त्याच्या सावलीत जेवणावळ बसेल एवढं झालं. मामांचं शेवटचं आजारपण त्या सावलीतच गेलं. घरात कोंडल्यासारखं होतं म्हणायचे, म्हणून आत्यानं त्यांची खाट झाडाखाली नेली, चूलही तिथंच मांडली. भाकरी थापता थापता ती त्यांच्याशी बोलायची आणि ते वर फांद्यांकडे बघत हुंकार द्यायचे. त्या खाटेवरच ते गेले.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, म्हणून आत्या सोलापूरला आमच्याकडे आली होती. इकडे ती शेंगा भाजत होती, चटणी कुटत होती, नवरीला हळद लावत होती. तिकडे तात्यांनी बार्शीहून मशीनवाला आणून चिंचेचं सगळं डोकं उतरवलं. बांधापलीकडच्या त्यांच्या ज्वारीवर सावली पडते, हे कारण. लग्न उरकल्यावर आत्याला पोचवायला मी गेले. एसटीतून उतरलं की त्या रस्त्यावरून चिंच दिसायची. त्या दिवशी दिसेना. आत्या आधी म्हणाली, आपण अलीकडंच उतरलो काय गं... मग तिला खोड दिसलं. नुसतं खोड, वर काही नाही. बांधापलीकडे तात्यांचं घर, तिथं ते ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांची बायको, आमची काकू, घरातून बाहेरच आली नाही. मला वाटलं आत्या आता बोंब मारेल, मातीत बसेल. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "कुटल्या मशीननं कापलं?" तात्यांना वाटलं कौतुकानंच विचारतेय. त्यांनी मशीनची लांबी दोन्ही हात पसरून दाखवली. आत्यानं मान डोलावली, घरी आली आणि चहाला आधण ठेवलं. रडत मी होते.

काही दिवसांनी ती माझ्या दुकानात हजर. माझं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे, त्यामुळे मशीन म्हटलं की मला सगळंच कळतं असा तिचा समज. "झाडं छाटायचं मशीन घ्याचंय. चल." मला वाटलं, तात्यांची झाडं आडवी करायला निघाली. खरं सांगते, मला आनंद झाला. मार्केट यार्डासमोरच्या रस्त्यावर एका दुकानात गेलो. दुकानदारानं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागून कुणी पुरुष माणूस येतोय का ते पाहिलं, आणि एक भलंमोठं मशीन टेबलावर ठेवलं, करवतीची चेन फिरते ती पट्टी चांगली लांब. "हे न्या. काय पण कापतंय." आत्यानं ते उचललं, खाली ठेवलं. तेवढ्यात चहा आला. "तुमी धरा की जरा," ती दुकानदाराला म्हणाली, "असं खांद्याइतकं वर. मी चा पिते तवर." तो हसत हसत धरून उभा राहिला. आत्यानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली, घोट घेतला, पुन्हा फुंकर घातली. बशी अर्धी व्हायच्या आत दुकानदाराचे हात लटपटायला लागले. "ठिवा खाली. तुमालाच पेलंना, तर मला काय पेलतंय."

मग त्यानं आतून लहान मशीन आणलं. आखूड पट्टी, आणि धरायची मूठ मागे नाही, तर इंजिनाच्या डोक्यावर. झाडावर चढून छाटणी करणाऱ्यांसाठी असतं म्हणाला, मागं लांबडं काही नसतं म्हणून फांद्यांच्या गचपणात फिरवता येतं. "एका हातानं बी चालतंय बघा," म्हणून त्यानं ते ऐटीत फिरवून दाखवलं. आत्यानं त्याला थांबवलं. "दोन हात दिल्यात देवानं. उसळलं तर काय कानानं आवरू?" तिनं एक हात वरच्या मुठीवर, दुसरा पुढच्या दांड्यावर ठेवला, खांद्याइतकं वर धरलं आणि मला म्हणाली, "आता तू चा पी." मी प्यायले, चांगला सावकाश प्यायले. तिचा हात हलला नाही.

तरी एक पेच उरला होता. हे मशीन पेट्रोलवरचं, तसंच दुसरं बॅटरीवरचंही होतं. चालू करायला दोरी ओढायला नको, पेट्रोल नको, वजनाला त्याहून हलकं. आत्याचा उजवा खांदा जुना दुखरा, म्हणून मी बॅटरीवालंच घे म्हणून मागे लागले. दुकानदार म्हणाला, आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. "आवाजच न्हाय?" आत्यानं विचारलं. "पंख्याएवढा." "मग नगं." मी तिला समजवायला गेले तर तिनं मला कोपरानं ढोसलं. "आवाज व्हाय पायजे. दुपारी ओसरीवर ऐकू गेला पायजे." कुणाच्या ओसरीवर, हे मला विचारावं लागलं नाही. दुकानदारानं निघताना सांगितलं, मशीन फार दिवस बंद ठेवू नका, अधूनमधून चालू करत जा, नाहीतर पेट्रोल आत चिकटून बसतं. हे मात्र आत्यानं कानात प्राण आणून ऐकलं.

तात्यांच्या झाडांच्या बुंध्याला तिनं कधी हात लावला नाही. "झाडाशी न्हाय माजं वैर," म्हणायची. चिंचेच्या खोडाला पालवी फुटली, पण कशीही, झुडपासारखी. त्यातले कुठले फुटवे ठेवायचे आणि कुठले काढायचे, हे ती दर वर्षी ठरवायची. मामांचं जुनं स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर, डोळ्यांना चष्मा, कमरेला दोर, आणि शिडी बांधून फांद्यांच्या आत शिरायची. मोठं मशीन त्या दाटीत फिरलंच नसतं. ते लहानगं मशीन तिच्या दोन्ही हातांत गुरगुरत असायचं आणि सगळा वेळ तिचे ओठ हलत असायचे. गावात सगळे म्हणायचे, बाई देवाचं नाव घेत झाड राखतीय. मीही तसंच समजत होते, आणि माझा ऊर भरून यायचा. होता होता चिंचेनं पुन्हा डोकं धरलं. पहिल्यासारखी उंच नाही, ठेंगणी आणि पसरट, पण खाली पुन्हा खाट मावायला लागली.

मात्र तात्यांच्या केशर आंब्याच्या ज्या फांद्या बांधावरून आत्याच्या शेतात आल्या होत्या, त्यांचं तिनं काय केलं ते सारं गाव जाणतं. आंबे उतरून झाले की ती बांधाच्या रेषेवर दोरी ताणायची, वरून ओळंबा सोडायची आणि रेषेच्या अलीकडचं तेवढं काढायची. झाडाला इजा नाही, जखम गुळगुळीत, पण एसटीच्या रस्त्यावरून पाहिलं की आंबा अर्धी हजामत करून न्हाव्याकडून पळून आलेल्या माणसासारखा दिसायचा. काढलेल्या फांद्या नीट मोळी बांधून तात्यांच्या दारात. "तुमचंच हाय. जळणाला घ्या." तात्यांनी सरपंचाला आणलं. सरपंचानं मोजून पाहिलं, बोटभरसुद्धा जास्त कापलेलं नव्हतं. सरपंच तोंडावर उपरणं धरून निघून गेला. त्या दिवशी मी गावात होते आणि त्या दिवसाइतकी गोड भाकरी मी पुन्हा खाल्लेली नाही.

छाटायला काही नसेल तेव्हाही मशीन चालू व्हायचं. दुकानदारानं सांगितलंच होतं ना. तात्या जेवून ओसरीवर आडवे झाले, जरा घोरायला लागले, की आत्या चिंचेखाली जाऊन दोरी ओढायची. चेन फिरू नये म्हणून तिला ब्रेक लावून, मशीन नुसतं हातात धरून, ओठ हलवत उभी राहायची. तात्या उठून बसले की बंद.

दहाव्याला तात्या सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी आमाला आईच्या जागी हुती." डोळे पुसले. लोकांनीही पुसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या जागी होती, मग तिच्या नवऱ्यानं ज्या सावलीत जीव सोडला त्या सावलीला कुऱ्हाड लावताना ती कुणाच्या जागी होती? कार्य उरकल्यावर मला बाजूला घेऊन ते म्हणाले, आता ती चिंच पाडून टाकू, तुला सोलापुरातनं कुटं बगाय जमतंय. आत्यानं शेत हयातीतच माझ्या नावावर केलंय हे त्यांना माहीत होतं. शिवणकाम करणारी बाई हे सगळं सोडून देईल असा त्यांचा हिशेब होता. दोन जाणत्या माणसांनीही मला समजावलं, झालं गेलं, आता कशाला मनात ठेवायचं. मी मनातच ठेवणार आहे. आत्याच्या घरातून मी दुसरं काही आणलं नाही. खुंटीवरचं मशीन आणि हेल्मेट पिशवीत घातलं आणि एसटीत बसले.

आता ते माझ्या दुकानात शिलाई मशीनच्या शेजारी ठेवलेलं असतं. गिऱ्हाईक विचारतात, हे काय. मी म्हणते, आत्या.

गेल्या आठवड्यात पेट्रोलची बाटली घेऊन गावाला गेले. दुपारी पोचले. तात्या खाटेवर, तोंडावर पंचा. मी चिंचेखाली उभी राहिले, चेनचा ब्रेक लावला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, फुर्रर्र करून बंद. तात्यांनी पंचा बाजूला केला आणि माझ्याकडे बघून हसले... ते हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी पाय रोवून दोरी ओढली आणि मशीन एकदम जिवंत झालं. वरच्या मुठीतून सगळा हात थरथरला. मुठीवर आत्यानं गुंडाळलेली तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी तशीच होती. आवाज शेतभर झाला. तात्या उठून बसले. आणि मला कळलं की माझे ओठ हलतायत. तात्यांना, त्यांच्या ओसरीला, त्यांच्या त्या रडण्याला, मी जे जे म्हणत होते ते या पुरवणीत छापता येणार नाही. मी जन्मात कधी कुणाला दिल्या नाहीत अशा शिव्या होत्या, मोठ्यानं, पोटातून, आणि कुणालाही, अगदी मलाही, ऐकू येत नव्हत्या. आत्या कुठल्या देवाचं नाव घेत होती ते मला त्या वेळी समजलं.

तात्यांनी काकूला पाठवलं. ती बांध ओलांडून आली, पदर कानावर धरून माझ्या कानाशी वाकली. "त्ये इचारत्यात, किती येळ चालनार."

"टाकी भरून आणलीय."

काकूनं मागे वळून ओसरीकडे पाहिलं. मला वाटलं निरोप घेऊन जाईल. ती गेली नाही. चिंचेच्या खोडाला पाठ लावून माझ्या शेजारी उभी राहिली, जिथं आत्या उभी राहायची त्याच्या जरा डावीकडे. ती जागा तिच्या पायांच्या ओळखीची वाटली. तिनं नवऱ्याकडे तोंड केलं, आणि हळूहळू तिचेही ओठ हलायला लागले.